मीठ अडवण्याचं काम

वेर्ण्याच्या पठारावर, निर्वात हंडीच्या गोल काचेतून
मी बघत असते
उलटा टांगलेला तांब्याचा आरसा.
खाली होडीच्या आकाराच्या पत्र्यात यिट्रियमची भुकटी:
आधी पांढरी, मग निखारा, मग काहीच नाही.
ते काहीच नाही वर जाऊन बसतं,
केसाच्या शंभराव्या भागाइतकं जाड.

आडनाव मिठगावडे.
आगरवाड्याच्या आगरात बाबांनी चाळीस वर्षं मीठ काढलं,
मी मीठ अडवते.
बाबा म्हणतात, धंदो एकूच गो,
तुवें फकत कूस बदल्ली.

हा आरसा चेहऱ्यासाठी नाही.
रात्री बंदराबाहेर थांबलेल्या बार्जचं इंजिन
अजून कोमट आहे का,
एवढंच विचारणाऱ्या यंत्राचा आहे.

पहिल्याच आठवड्यात लिगोरियो सर म्हणाले,
सिलिकाचा लेप दे, पुसला तरी ओरखडा नाही.
दिला. डोळ्याला लख्ख.
समोरून किरण धाडला, आलेख सपाट.
मग आरसा तिरका वळवला
आणि आठ मायक्रॉनपाशी रेघ
हातातून पोहरा सुटावा तशी खाली गेली.
राखणदारच खात होता,
आणि समोरून बघणाऱ्याला पत्ता नाही.
सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

तेव्हापासून यिट्रियम.
खाऱ्या धुक्याच्या पेटीत चोवीस तास, मग भिंगाखाली.
पेटीतलं मीठ डबाबंद येतं, शुद्ध.
बाबांना चिमूटभर आणून दिलं,
जिभेवर ठेवलं, थुंकले.
ह्याला मीठ म्हणतात?

एक आरसा कडेला दुखावलेला निघाला, लेपाआधीच बाद.
सरांना विचारून घरी आणला.
बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दाखवणार काय?
गालापाशी धरला. टेकवला नाही,
बोटभर दूर.
ते गप्प झाले. मान जराशी वळवली,
उन्हाकडे वळवतात तशी.
कोण लागीं आयला?
तुम्हीच, म्हटलं.

मग त्यांनी तो हातात घेतला, खूप वेळ.

चौथ्या दिवशी त्यावर अंगठा उमटला,
आधी तपकिरी, मग हिरवट,
रेघ न रेघ, मधली आगरातली चीरसुद्धा.
पुसायचं द्रावण कारखान्यात आहे.
अजून आणलेलं नाही.