सातशे फूट आत

घर पाहावं बांधून, म्हणतात.
अर्लीननं ते ओढून आणलं,
एकशेवीस मैल, ताशी पस्तीसच्या वेगानं,
पुढेमागे पिवळे दिवे फिरवणाऱ्या गाड्या.
पुढची मेव्हण्याची, म्हणून फुकट.
मागची नव्हे.

घर अकरा हजारांना पडलं.
तीस वर्षं वापरलेलं. न्हाणीघरातली फरशी
पाय टाकला की जराशी खाली जाते
आणि मग ठरवते, पेलायचं की नाही.
जमीन पाच एकर. जुनिपरची खुरटी झाडं,
आणि न्यू मेक्सिकोची ती रात्र, इतकी काळी
की तिला वाटलं, निदान एवढं तरी मोफत असेल.

मग विजेचे खांब.
"घर रस्त्यापासून इतकं आत का ठेवलंत?"
कंपनीचा माणूस म्हणाला.
शांततेसाठी.
त्यानं फीत धरून शांतता मोजली, सातशे फूट,
आकडा लिहिला,
कागद फाडून तिच्या हातात दिला.

बोअरवाला आर्चुलेटा सरळ बोलणारा.
चारशे फुटांवर लागेल, कदाचित सहाशेवर.
पाणी लागो न लागो,
फुटाचे पैसे लागतात.
तेव्हापासून ती दर शनिवारी
ट्रकमध्ये टाकी घालून गावाला जाते,
मशीनमध्ये नाणी टाकते
आणि परत येताना प्रत्येक खड्ड्यात
मागे पाणी डुचमळलेलं ऐकते.
केस धुतलेलं पाणी पीचच्या रोपाला.
रोप अजून गुडघ्याएवढंच.

वहीत डाव्या पानावर घर,
उजव्या पानावर बाकीचं.
दुसऱ्या हिवाळ्यात उजवं पान भरलं,
डाव्यावर अजून एकच ओळ.
चार आण्याची कोंबडी म्हणावी
तर मसाला अजून संपायचाय:
गॅसची टाकी, गोठून फुटलेला नळ,
मैल्याच्या टाकीचा परवाना, त्या परवान्याची तपासणी,
तपासायला येणाऱ्याचं पेट्रोल.

मार्चच्या वाऱ्यात घराखालचा पत्रा उडाला
आणि आर्चुलेटाच्या गाईंमध्ये जाऊन पडला.
त्यानं तो स्वतः आणून ठोकून दिला,
उभ्या उभ्या कॉफी घेतली, गेला.
हे कुठल्या पानावर मांडायचं
ते तिला कळेना.
तिनं नुसती तारीख लिहिली.

कचेरीतल्या बाईनं सांगितलं,
नोंद अजून गाडी म्हणूनच आहे.
घर म्हणून करायची असेल तर
हे पुन्हा कधी हलणार नाही असं लिहून द्या,
शपथेची फी पंचवीस,
शिवाय ओढायचा हूक कापल्याचा फोटो.
कापणारा ऐंशी मागत होता.
ऐंशी तिच्याकडे होते.
असू दे, म्हणाली.

चाकं तर पहिल्याच दिवशी विकली होती,
ओढणाऱ्यालाच, त्याच्याच बिलापोटी.

आता ती दरवर्षी गाडीचा कर भरते
आणि एक इंचही कुठे जात नाही.
वाऱ्याच्या रात्री पलंगाखाली
ते लोखंड वाजतं.
ती कूस बदलते.
जमिनीला बांधलेले पट्टे ताणतात.