अकरा इंच पाणी

अर्विड, तुझ्या शेगडीनं माझी उजवी भुवई खाल्ली.
आधी हे सांगते, बाकीचं मग.

तू गेलास आणि ट्रेलर माझ्या गळ्यात पडला,
बेचाळीस वर्षांचा, दार ओढून घ्यावं लागणारा,
आणि बाकाखाली ही हिरवी शेगडी, दोन बर्नरची,
झाकणाच्या आत पेन्सिलीनं लिहिलेलं : ११.
मला वाटलं, नोव्हेंबर.
तुझा हरणांचा महिना.

विज्डम गावाच्या चार मैल अलीकडे थांबले,
शहाणपणाच्या अलीकडेच, नेहमीसारखी.
नदीवर धुकं, सप्टेंबर असून बादलीत बर्फाची साय.
दुकानातल्या पोरानं नवी नळी दिली होती,
म्हणाला, सिलिंडरला थेट जोडा, गॅस तो गॅसच.
काडी ओढली.
ज्योत कसली,
पिवळा घोडा मागच्या पायांवर उभा राहिला
आणि माझ्या तोंडाशी फुरफुरला.

पलीकडच्या तंबूतून एक बाई धावत आली,
पायात दोन वेगवेगळे बूट.
काही न बोलता आधी सिलिंडरचा नळ पिळून बंद केला,
मग माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं,
मग म्हणाली, मी क्लायडीन.
तीस वर्षं गॅसचा टँकर चालवलाय, ब्यूटपासून सॅमनपर्यंत.

तिनं जेट काढलं, डोळ्याशी धरलं.
"हे भोक कारखान्यातलं नाही.
कुणीतरी बसून मोठं केलंय, केसाएवढ्या ड्रिलनं,
आणि दाब कमी करणारी पितळी गाठ काढून टाकलीय.
ही शेगडी सिलिंडरची राहिलेलीच नाही, बाई.
कशासाठी केली असेल?"

मला काय ठाऊक.
तू सांगायचास का कधी काही?
दर रविवारी फोनवर मी बोलायची
आणि तुझ्या बाजूनं घड्याळ ऐकू यायचं.

क्लायडीननं पारदर्शक नळी वाकवून फूटपट्टीला चिकटवली,
तिच्यात बीटच्या लोणच्याचं पाणी ओतलं, दिसावं म्हणून,
आणि एक टोक ट्रेलरच्या गॅसला लावलं.
लाल पाणी एका बाजूनं साडेपाच इंच खाली गेलं,
दुसऱ्या बाजूनं साडेपाच वर चढलं
आणि तिथंच थरथरत थांबलं.
"अकरा," ती म्हणाली.
"ट्रेलरमधे गॅस एवढाच येतो. फुंकरीएवढा."

आग पाण्यात मोजतात,
हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

मग ट्रेलरच्या कुशीत, चाकामागं,
चिखलानं बुजलेलं तोंड सापडलं,
तूच बसवलेलं, वर दाढीच्या साबणाच्या डबीचं झाकण.
शेगडीची जुनी नळी तिथं खटकन बसली,
जणू कालच काढली होती.

निळी ज्योत. बुटकी. गोल.
वारा आला तर मान वळवायची, विझायची नाही.
कॉफी उकळायला वेळ लागला,
तेवढ्यात क्लायडीननं तिच्या दोन्ही नवऱ्यांची गोष्ट सांगितली
आणि तिसऱ्याची सुरू केली.

एक शब्द जास्त लिहिला असतास, अर्विड,
तर भुवई वाचली असती.

तिची पेन्सिल मागून घेतली,
तुझ्या अकराच्या पुढं लिहिलं :
इंच, पाणी.
फक्त ट्रेलरला जोडणे.
खाली जागा उरली होती,
तिथं तारीख टाकली,
आणि झाकण गरम व्हायच्या आत
हात काढून घेतला.