प्रत्येक वेळी विचारा

विट्याच्या एसटी स्टँडमागं,
चष्म्याच्या दुकानाला लागून आमचं झेरॉक्स.
पाटीवर अजून 'टायपिंग' आहे,
टायपिंगला कुणी येत नाही.

येतात त्या फाइली.
कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं, कुणी मेल उघडायला लावतं,
पासवर्ड कानात सांगतं, मोठ्यानं.

मी क्लिक केलं की फाइल आधी खाली उतरायची,
कोपऱ्यात टुणकन पट्टी,
तिच्यावर परत क्लिक, मग दुसरी खिडकी,
मग प्रिंट.
गिऱ्हाईक दहाची नोट ठेवून खानापूरची गाडी गाठायचं.
फाइल माझ्याकडंच राहायची,
शिंप्याकडं चिंध्या राहतात तशी.

सहा वर्षं.

मार्गशीर्षात मशीन अडलं. जागा नाही म्हणालं.
भाचा आला होता, इंद्रजित. त्यानं फोल्डर उघडलं,
आणि बघतच राहिला.
"मावशी, तू अख्खा तालुका घरात ठेवलायस."

कोइमतूरच्या गलाई दुकानाचा भाडेकरार, तमिळ शिक्क्यासकट.
नेवरीच्या पोरीची बारावीची गुणपत्रिका,
तिची परत, परतीची परत.
सोनं तारण ठेवल्याची एक पावती,
जी त्या बाईच्या घरात कुणालाच माहीत नव्हती.
मला होती.

आणि दत्तू गुरव, भाळवणी.
दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला.
हयात.
हयात, कंसात एक.
कंसात दोन. कंसात तीन. कंसात चार.
पुढचा नोव्हेंबर आला, दत्तू गुरव आला नाही.

इंद्रजित सेटिंगमध्ये शिरला. तिथं तीन ओळी:
जतन करा.
ब्राउझरमध्येच उघडा.
प्रत्येक वेळी विचारा.
त्यानं मधली निवडली.
"आता कागद ओसरीवर बसंल, पाणी पिईल, जाईल.
माजघरात येणार नाही."
मग जुनं सगळं पुसलं.
दत्तू गुरवाची चौथी तेवढी मी पुसू दिली नाही.
ठेवू का म्हणून कुणाला विचारणार होते?

आठ दिवस बरं वाटलं. हलकं.
खिडकी मिटली की मागं काही नाही,
सारवलेल्या जमिनीसारखं.

नवव्या दिवशी त्रिशूरहून फोन. अंकुश सुतार.
"ताई, मागं काढलेला वारसाचा कागद पाठवा की तेवढा."
म्हटलं, नाही माझ्याकडं.
"असं कसं? तुमच्याकडं असतंयच."
मागं त्याचा मालक कुणावर तरी हिंदीतून ओरडत होता,
भट्टीचा घुमारा येत होता.
त्यानं न सांगता ठेवायला दिलं होतं,
मी न विचारता ठेवून घेतलं होतं,
आणि पुसलं तेही न विचारता.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून
मी एकटीच परत त्या तीन ओळींपाशी गेले.
शेवटची निवडली.

आता क्लिक केलं की मध्येच एक चौकट येते:
उघडू, का ठेवू?
आणि मी स्क्रीन गिऱ्हाईकाकडं वळवते.
वेळ जातो. मागची माणसं चुळबुळ करतात.
"तुमचं तुम्हीच बघा," म्हणतात बरेचजण.
एक पोरगा मागं वळून बघत हळूच म्हणाला,
"नका ठेवू."
काय होतं त्यात, मी वाचलं नाही.

काल गजराबाई आल्या, लेंगऱ्याच्या. हयातीचाच दाखला.
चौकट आली. मी स्क्रीन वळवली.
"मावशी, उघडू नुसतं, का ठेवू माझ्याकडं?"
त्यांनी काचेवर बोट टेकवलं, पानं पुसतात तसं फिरवलं.
"आधी वाच."

उघडून वाचलं. नाव. नवऱ्याचं नाव. गाव.
सदर व्यक्ती आज रोजी हयात आहे.
"परत वाच ते शेवटचं."
परत वाचलं.
"बरोबर हाय," म्हणाल्या,
आणि पिशवीतून सुटे पैसे काढायला लागल्या,
एकेक नाणं डोळ्याजवळ नेऊन.
ठेवू का ते सांगायचं राहिलंच.
मी थांबले. मशीनही.