रूपांतराशिवाय

खारघरात ज्या एटीएमच्या दारात
मी रात्रपाळीला बसतो
तिथं आजोबांचं खारभाताचं शेत होतं.
मी ते पाहिलेलं नाही,
बापाच्या शिव्यांतून ऐकलंय.
आता एसीचं पाणी ठिबकतं,
त्याच्या बाजूला माझी खुर्ची.

ती मोम्बासाची.
म्वानाइशा हे नाव मला फार उशिरा कळलं.
सोबत मुलगा, काडीसारखा, पायरीवर बसून राहणारा.
टेकडीखालच्या हॉस्पिटलसाठी
लोक कुठून कुठून येतात,
भाड्याच्या खोल्यांत महिने काढतात,
आणि आमच्या मुर्बीची माणसं
किल्ली देताना त्यांच्याकडे आधार कार्ड मागतात.

तिचं कार्ड निळं, कडेला झिजलेलं.
चौकातली दोन मशीनं ते घेऊन लगेच थुंकायची.
आमचं ठेवून घ्यायचं जरा वेळ,
विचार केल्यासारखं,
मग विचारायचं:
रक्कम तुमच्या घरच्या चलनात वळती करायची?
हो. नाही.

पहिल्यांदा तिनं हो दाबलं.
कोण नाही म्हणेल,
एवढ्या लांब, रात्री साडेदहाला
कुणी आपल्या घराचं नाव काढलं तर?
स्लिप बघत मग ती कितीतरी वेळ आतच उभी.

दुसऱ्या दिवशी मी बँकेतल्या मोकाशी मॅडमना विचारलं.
म्हणाल्या, घरचा भाव म्हणून मशीन जो सांगतं
तो महाग असतो. नाहीच दाबायचं.
तेव्हापासून मी काचेबाहेरून बोट हलवायचो, असं,
आणि पिनच्या वेळी रस्त्याकडे तोंड करायचो.
चार टिकटिक.
मग नोटा मोजल्याचा फरफराट.
दहा हजारांचा केवढा असतो ते माझ्या कानांना पाठ आहे.
माझा पगार त्याहून थोडाच लांब.

बोलणं असं काही नव्हतं.
तिला हिंदी नाही, मला इंग्रजी यस-नोपुरतं.
पण एकदा तिनं पाकीट उलटं करून दाखवलं,
म्हणाली, पेसा.
मी म्हटलं, पैसा.
ती थबकली.
गोळ्यांची पिशवी वर धरली: दावा.
दवा, मी.
हेसाबु. हिशेब.
बीमा, म्हणाली, आणि हात हलवला, नाही म्हणून.
विमा, मी म्हटलं, आणि माझाही हलवला.
आम्ही हसलो. पायरीवरचा पोरगा हसला नाही.

कुठल्या गलबतातून गेले असतील हे शब्द,
का आले असतील,
एक पैसा कमिशन न कापता.

मला वाटायचं पोरगा आजारी.
दोनदा त्याला खुर्ची दिली,
एकदा घरची भाकरी.
ती डोक्याला घट्ट फडकं बांधायची,
पिवळं, काठाला काळ्या अक्षरांत एक ओळ छापलेली.
मी समजलो, त्यांच्याकडची रीत असेल.

फरफराट आखूड होत गेला.
दहा. चार.
मग एकदा पाचशेची एकच नोट:
फर्र सुद्धा नाही. फ.
आणि नंतर अकरा रात्री कोणी नाही.

बाराव्या रात्री पोरगा आला.
एकटा.
पिवळं फडकं गळ्यात.
पायरीवर बसला नाही.
मी उठलो, आणि काय विचारायचं ते
तोंडात आलंच नाही, कुठल्याच भाषेत.

आत जाऊन त्यानं कार्ड घातलं.
मी रस्त्याकडे वळलो. टिकटिक, थांबून थांबून,
जणू कुणी कानात सांगितलेलं आठवत होता.
मग शांतता.
मशीन विचारत असणार, घरच्या चलनात का?

वळून बघतो तर तो काचेतून माझ्याकडेच बघतोय.
मी बोट हलवलं.

बाहेर आला. नोटा मोजल्या नाहीत.
समोरचा टपरीवाला स्टोव्ह विझवायच्या बेतात होता.
चाय? पोरगा म्हणाला.
चहा, मी म्हटलं.
त्यानं मान हलवली, नाही. चाय.
बरं बाबा. चाय.

पैसे मी दिले.