आ कर

लाए, न्यू गिनी. बाजाराच्या भिंतीवर
हातभर अक्षरांत लिहिलंय : थुंकू नये.
त्याच भिंतीला पाठ लावून
एकवीस वर्षं मी बुआई विकते,
हिरव्या सालीची ओली सुपारी,
सोबत नागवेलीची शेंग, जाळलेल्या पोवळ्यांचा चुना.
कुणी थुंकताना सापडलं की शिपाई पन्नास किना मागतो.
मी पाच देते, आणि दोन बुआई.

परवा दवाखान्यातली हेगा
माझ्यापुढे उकिडवी बसून म्हणाली,
"दोर्कामावशी, थुंका."

नळी होती करंगळीएवढी.
म्हटलं, जन्मात कुणाची थुंकी झेलली नाही मी,
तू माझी झेलतेस, पोरी?
ती हसली नाही. "सकाळपासून काही चघळलं नाहीत ना?"
नाही म्हटलं.
तिनं माझ्या दातांकडे पाहिलं. "उद्या येते."

त्या रात्री तोंड रिकामं ठेवलं.
रिकामं तोंड केवढं मोठं असतं!
अंधारात घर चाचपावं
तशी जीभ गालातून फिरत राहिली,
डावीकडे एका खरखरीत जागी अडत राहिली.
नासिएलाही अशीच जागा होती, माझ्या धाकटीला.
डॉक्टरनं टॉर्च धरला तेव्हा गाल आरपार झाला होता.
प्यायलेलं पाणी मानेवर ओघळायचं.

सुई नाही, सुरी नाही.
हेगा सांगते, बिघडण्याआधी पेशी
आपसात कुजबुजतात,
त्याचे तुकडे लाळेत उतरतात, यंत्र ते वाचतं.
म्हणजे माझ्याच तोंडात कुणी बोलतंय
आणि मलाच पत्ता नाही.

नळी बर्फात, बर्फ डब्यात, डबा ब्रिस्बेनच्या विमानात.
मी कधी विमानात बसले नाही. माझी थुंकी बसली.
भावजय म्हणाली, खिडकीशी जागा मिळाली असेल.

पाच आठवड्यांनी कागद. कागदावर आकडा.
"हा आजार नाही मावशी, शक्यता आहे."
शक्यता मला कुणी शिकवू नये.
सोलल्याशिवाय बुआई कशी निघेल कळत नाही,
गिऱ्हाईक पैसे आधी देतं.
म्हटलं, आकडा थोडा कमी कर.
"माझ्या हातात नाही," ती म्हणाली,
"चुन्याची डबी तुमच्या हातात आहे."

डबी आता चटईखाली.
बुआई पुढ्यात. विकतेच आहे, पुन्हा खोटं कशाला बोलू.

मघाशी एक पोरगा आला, चौदाचा असेल,
दोन किना पुढे केले.
पैसे घेतले नाहीत.
म्हटलं, आधी आ कर.