पस्तीस ग्रॅम

पडद्याच्या खोक्यावर छापलं होतं:
समुद्राच्या पाण्यासाठी.
लातुरात ते खोकं फोडताना
कचरू धावारे हसले,
"म्याडम, समुद्र येलालाय का इकडं?"

समुद्र इथून चारशे किलोमीटर,
आणि पाचसहाशे मीटर खाली.
त्यांनी पाहिलेला नव्हता.
मी एक लिटर पाण्यात
पस्तीस ग्रॅम मीठ तोललं, ढवळलं,
बीकर पुढं केला.
त्यांनी करंगळी बुडवून जिभेला लावली,
बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "आमच्या गल्लीतल्या हापशाहून
थोडंच जास्त हाय."

नाल्याचे नमुने तेच आणतात,
पहाटे पाचला, सायकलला अडकवलेल्या क्रेटमधून.
मीटर तापायच्या आधी
बाटली नाकाशी नेऊन सांगतात:
काल कुठंतरी लग्न झालंय, तेल लई हाय;
आज नळ आला असंल, साबण उतरलाय.
दहा दिवस नळ नसला
की नालासुद्धा आटतो,
हे मी त्यांच्याकडून शिकले.
माझ्या प्रबंधात ते वाक्य
एका आलेखाखाली आहे. त्यांचं नाव नाही.

अकराव्या महिन्यात
पंप न फुटता रात्रभर चालला.
बारीक नळीच्या टोकाशी थेंब,
मग धार,
मग काचेचा पेला भरेल एवढं.
सगळे आकडे मर्यादेच्या आत.
दोनदा तपासले. तिसऱ्यांदा तपासले
कारण पेल्याकडे बघायचं नव्हतं.

कचरूमामांनी पेला उचलला,
माझ्या टेबलावर ठेवला
आणि दोन पावलं मागं सरकले.

नाला आठवून सरकले असतील,
असं मी मनाशी म्हटलं.
पण ती दोन पावलं मला ओळखीची होती.
आमच्या औशाच्या घरी
ओट्याखाली उलटा घातलेला एक पेला असायचा,
त्याच्यापासून मोजलेली.

मी प्यायले.
चव नव्हती. कसलीच.
पडदा सगळंच काढून घेतो:
लग्नाचं तेल, साबण, हापशाचा खार,
पाणी कुणाच्या घरातून आलं तेही.
अर्धा पेला त्यांना दिला.
त्यांनी वरून ओतून घेतलं, तोंड न लावता,
पुन्हा तेच अंतर,
आणि मला काही बोलता आलं नाही.

"मंग जे काढलं," ओठ पुसत ते म्हणाले,
"ते कुठं जालालंय?"

दुसरी नळी मोरीत सोडलेली होती.
नोंदवहीत त्या रकान्याला नाव होतं,
टाकाऊ, चाळीस टक्के.
पुढचा रकाना कोरा.

त्यांनी कोपऱ्यातला रंगाचा रिकामा डबा आणला,
नळीखाली सरकवला.
खिशातून नमुन्यांची चिठ्ठी काढली,
थुंकी लावून चिकटवली,
आणि त्यांच्या त्या थरथरत्या अक्षरात लिहिलं:
समूद्र.

खाली तारीख,
आणि, पहिल्यांदाच,
सही.