डाग

अठ्ठ्याहत्तर साली वेंगुर्ल्याच्या मांडवीवर
मिठाच्या रिकाम्या गोदामात
रेजिना आल्मेडानं भरवलं पहिलं प्रदर्शन.
मखमल परवडत नव्हती,
म्हणून फळ्यांवर जाडं मीठ पसरलेलं
आणि मिठावर दागिने.
माणसं आली नऊ. त्यातली दोघं वाट चुकून.

मी जकातीतली कारकून,
दुपारच्या सुट्टीत सावलीसाठी शिरले
आणि बाहेर पडले कर्जात.
सायकलच्या आऱ्या वाकवून केलेला ब्रूच,
मधोमध कालवाचं शिंप,
कडेला मुद्दाम राखलेला गंज.
घडवणारा बाबुली मेस्त्री, होड्या सांधणाऱ्या घरातला.
दरमहा बावीस रुपये, दहा हप्ते.

विकल्याची खूण म्हणून रेजिनानं
शेजारी लाल टिकली चिकटवली.
पाकीट मोचेमाडच्या जत्रेतलं,
तिच्या कपाळाला कधीच न लागलेलं.
त्या दिवशी अख्ख्या गोदामात एकच टिकली होती.

पेठेतल्या अच्युत सोनारानं ब्रूच तळहातावर घेतला,
काट्यावर ठेवलाच नाही.
"बाय गो, ह्येका मोड म्हणान कोण घेतलो?"
खरंच होतं त्याचं.
तोळा नाही, गुंज नाही,
नुसती घडणावळ.

तरी घेत गेले.
जाळ्याच्या गाठीसारखी अंगठी, जिच्यात बोट अडकतं.
खोबरेलाच्या डब्याच्या पत्र्याची कुडी, एकच,
दुसरा कान ऐकायला मोकळा हवा, असं करणारी म्हणाली.
लग्नाकार्यात बायका माझ्या गळ्याकडे बघायच्या
आणि हळूच विचारायच्या, घरचं सगळं ठीक ना?

एकतीस डाग झाले.
दागिन्याला डाग म्हणणारी आपली भाषा
मला कळली पहिल्या श्रावणात,
ब्रूचच्या गंजानं पांढऱ्या वॉयलवर
खांद्याखाली तांबूस चंद्रकोर सोडली तेव्हा.
लिंबू चोळलं, मीठ चोळलं, मग थांबले.
पातळ घडी करून त्याच ट्रंकेत.
वहीत लिहिलं: बत्तीस.

शहाण्णवला गॅलरी मिटली.
रेजिनानं फळ्यांवरचं मीठ पोत्यात भरून
खारं सुकवणाऱ्या बायकांना विकलं.
म्हणाली, अठरा वर्षांत हाच काय तो नफा.
आणि बहिणीकडे म्हापशाला गेली.

आता तिथं पर्यटकांच्या होड्या ठेवतात,
रबरी, पिवळ्याधमक.
काल ब्रूच लावून गेले.
भिंतीला खालून हातभर अजून मीठ फुटतं.
पोरगा अदबीनं म्हणाला,
"आजी, बसायचं तर ती पिन काढा,
होडीला भोक पडेल."

म्हटलं, राहू दे रे.
मी इथंच उभी राहते जरा.